‘आय सेव्हन’ आहे, पण कोणत्या सालचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आणि पुन्हा दिवाळीच्या तोंडावर, चौकातल्या फलकांवर, मोबाईलवर फिरणाऱ्या पत्रकांत आणि वृत्तपत्रात घालून येणाऱ्या रंगीत कागदांवर एक जाहिरात हटकून दिसते : ‘कोअर आय ७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, गेमिंग कॉम्प्युटर फक्त २२,९९९ रुपये’. या एका ओळीत चार आकडे आहेत आणि चारही खरे असतात. तरीही ती ओळ गिऱ्हाइकाला कशी फसवते, हे एका मित्राच्या घरी जवळून पाहायला मिळाले, म्हणून हा पत्रप्रपंच. असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग जोडून तयार केलेल्या, संगणकाच्या जाहिरातीत आणि बिलात प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल लिहिणे विक्रेत्याला बंधनकारक करावे, एवढीच माझी मागणी आहे; ती का करावीशी वाटली ते सविस्तर सांगतो.

माझा हा बालमित्र कराडजवळच्या एका गावात किराणा दुकान चालवतो. २०२४ च्या दिवाळीत त्याने अकरावीतल्या मुलासाठी वरच्यासारखीच जाहिरात वाचून संगणक घेतला. अभ्यासाला होईल आणि पोराचे व्हॅलोरंट व जीटीए ५ हे खेळही चालतील, असा दुहेरी हिशेब होता. बिलावर ‘कॉम्प्युटर सेट – १ नग’ एवढेच शब्द होते. पहिल्या दिवसापासून खेळ अडखळत चालत होते. मुलगा इंटरनेटला दोष देत होता आणि बाप मुलाला. मग एप्रिलमधल्या एका संध्याकाळी कॅबिनेटमधून ‘फट्’ असा आवाज आला, जळका वास सुटला आणि संगणक बंद पडला. मित्राचा फोन आला, “तू इतकी वर्षं त्या कॉम्प्युटरात डोकं घालून बसलास, जरा येऊन बघ की.” माझी नोकरी तंत्रनिकेतनाच्या संगणक प्रयोगशाळेत झाली असल्यामुळे नाही म्हणण्याची सोय नव्हती.

पत्रा उघडून पंखा काढला आणि प्रोसेसरवरची, म्हणजे संगणकाचा मेंदू असलेल्या चिपवरची, वाळलेली पेस्ट पुसली, तेव्हा खाली अक्षरे दिसली : आय ७-२६००. हा प्रोसेसर इंटेलने जानेवारी २०११ मध्ये बाजारात आणला. मित्राचा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. आपल्या काळात तो उत्तम प्रोसेसर होता यात शंका नाही. पण ‘आय ७’ हे केवळ घराण्याचे नाव आहे, पिढी कोणती ते त्यापुढच्या आकड्यांवरून कळते आणि जाहिरातीत नेमके तेच आकडे गाळलेले असतात. तुलनेसाठी २०२२ च्या सुरुवातीला आलेला, त्याच कंपनीचा आय ३-१२१००एफ घ्या. नावाने तो थेट धाकट्या पातीचा. दोघांनाही चार कोअर (काम करणारी केंद्रे) आणि आठ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा), म्हणजे कुंडली सारखीच. पण एका कोअरकडून होणारे काम धाकट्याचे साधारण दुप्पट. शिवाय विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो (२६०० हा दुसऱ्या पिढीतला), विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायचा तर संगणकात टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (खात्रीच्या प्रणालीनेच संगणक सुरू होऊ देणारी सोय) सुरू असावे लागते. म्हणजे ज्या खेळासाठी हा संगणक घेतला, त्याचे या संगणकावरचे दिवस खरेदीच्या वेळीच भरत आले होते.

ग्राफिक कार्डाची, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या भागाची, कथा याहून बोलकी आहे. कार्ड जीटी ७३० निघाले. हे मॉडेल २०१४ मधले आणि मुळात साधे चित्र दाखवण्यापुरते. त्यावर चार जीबी स्मृती होती हे खरे, पण ती जुनी डीडीआर३ जातीची आणि ६४ बिटांच्या वाटेने जोडलेली, त्यामुळे सेकंदाला जेमतेम पंधरा जीबीच्या आसपास माहिती ये-जा करू शकते. आज मध्यम किमतीच्या आरएक्स ६६०० या कार्डात हा आकडा २२४ आहे. मी मित्राला हे समजावत होतो तेव्हा त्याने एका वाक्यात निकाल लावला, “म्हणजे गोदाम मोठं, पण दार एका माणसाचं.” नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तो हाच.

तरी या दोन्ही गोष्टींनी नुसता भ्रमनिरास झाला असता. धोका होता तो एसएमपीएसमध्ये, म्हणजे घरच्या विजेचे संगणकाला लागणाऱ्या विजेत रूपांतर करणाऱ्या डब्यात. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ येणारा हा डबा कोणी उघडून पाहत नाही, आणि उघडूही नये. पण त्याच्या अंगावरचे लेबल जरूर वाचावे. या डब्यावर ठळक अक्षरांत ४५० छापले होते. त्याखाली बारीक अक्षरांत एक तक्ता होता आणि त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर लिहिले होते. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड हे दोन मोठे खादाड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या वाटेनेच घेतात. म्हणून खरा हिशेब १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॉट. उरलेले वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत दाखवून बेरीज फुगवली जाते. याच डब्यावर उद्या कोणी आरएक्स ६६०० बसवले, तर त्या कार्डाला १३२ वॉट आणि रायझन ५ ५६०० सारख्या प्रोसेसरला भरात असताना ७६ वॉट, असे २०८ वॉट तिथेच झाले. लेबल स्वतःच सांगत होते की हे जमणार नाही. फक्त ते वाचायला कोणी सांगितले नव्हते.

इथे थोडे विषयांतर वाटेल, पण ते विषयाला धरूनच आहे. मुलगा म्हणाला, “काका, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात.” घरच्यांनी ते ‘कॉम्प्युटरला करंट असतोच’ म्हणून सोडून दिले होते. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी बसवलेले बारीक कपॅसिटर थोडासा प्रवाह पत्र्याकडे वळवतात. घराला अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर हात लावणाऱ्याच्या बोटांतून जातो. भिंतीवरचा बोर्ड उघडून पाहिला, तर प्लगाच्या तिसऱ्या, जाड पिनेच्या छिद्रामागे वायरच नव्हती. आपल्याकडच्या कितीतरी घरांत तीन पिनांचा बोर्ड दोन वायरींवर चालतो. वायरमनला बोलावून, परसात खड्डा घेऊन, कोळसा आणि मीठ घालून रीतसर अर्थिंग करून घेतले आणि झिणझिण्या थांबल्या. नव्या यंत्राआधी हा खर्च करावा, असे कोणतीही जाहिरात सांगत नाही, कारण त्यात विक्रेत्याला काही सुटत नाही.

मग मे २०२५ मध्ये आम्ही नव्याने भाग निवडायला बसलो. मित्राने साठ हजारांची मर्यादा घातली होती आणि त्यात मॉनिटरही बसवायचा होता, कारण जुना मॉनिटर कोणाच्या तरी कार्यालयातून निघालेला होता. अशा वेळी बहुतेक जण आधी प्रोसेसर ठरवतात आणि उरलेल्या पैशांत बाकीचे कोंबतात. माझ्या मते हा क्रम चुकीचा आहे. आधी खेळ कोणते ते विचारावे, मग पडदा ठरवावा, पडद्यावरून ग्राफिक कार्ड, त्या दोघांवरून एसएमपीएस, आणि प्रोसेसर व बाकीचे त्यानंतर. व्हॅलोरंट तसा गरीब खेळ आहे, साध्या यंत्रावरही पळतो आणि भर प्रोसेसरवर देतो. मोठी शहरे आणि रस्ते दाखवणाऱ्या खेळांचा भार मात्र कार्डावर येतो. आम्ही चोवीस इंची, १०८० ओळींचा, १०० हर्ट्झचा (सेकंदाला शंभर वेळा चित्र बदलणारा) पडदा सुमारे आठ हजारांत धरला. एवढ्या पडद्याला ८ जीबीचे आरएक्स ६६०० पुरेसे होते. ते कार्ड ऑक्टोबर २०२१ मधले, पण साडेवीस हजारांत तेव्हा त्याच्या जवळपास फिरकणारे नवे कार्ड मला दिसले नाही. एकूण रकमेचा तिसरा हिस्सा एकट्या कार्डावर जातो हे मित्राला पटायला एक संध्याकाळ गेली.

प्रोसेसर रायझन ५ ५६००, सहा कोअरचा, साडेदहा हजारांच्या घरात. यात अंगचे ग्राफिक नाही. ज्यांना आज कार्ड परवडत नाही, त्यांना ५६००जी घेऊन अंगच्या ग्राफिकवर भागवता येते आणि पुढे कार्ड घालता येते. मात्र ‘जी’ म्हणजे त्याच प्रोसेसरची वाढीव आवृत्ती, असा समज करून घेऊ नये. त्यात कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट स्मृती) निम्मी, १६ एमबी आहे आणि कार्डाकडे जाणारी वाट जुन्या तिसऱ्या पिढीची आहे. आरएक्स ६५०० एक्सटीसारखे चारच लेनचे, म्हणजे अरुंद वाटेचे, कार्ड त्यावर लावले, तर कार्ड आणखी मंदावते. स्वस्तातले दोन भाग एकमेकांना कसे मारतात याचे हे चांगले उदाहरण आहे. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड, आम्ही बी५५० चिपसेटचा घेतला. हजार-दीड हजार वाचवणारे बी४५० चे बोर्ड मिळत होते, पण दुकानात पडून राहिलेल्या जुन्या बोर्डावर बायोस (बोर्ड सुरू करणारी अंगची प्रणाली) अद्ययावत केल्याशिवाय हा प्रोसेसर सुरूच होत नाही आणि गावी आल्यावर ते निस्तरायला कोणी नसते. रॅम सोळा जीबी, पण एक सोळाची काडी न घेता आठ-आठच्या दोन घेतल्या, म्हणजे दोन्ही वाटांनी माहिती जाते. एसएमपीएस मात्र चार हजारांचा, साडेपाचशे वॉटचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा. त्यावर ‘८० प्लस ब्रॉन्झ’ हे चिन्ह आहे. ते चिन्ह वीज किती वाया जात नाही एवढेच सांगते, सुरक्षिततेची हमी देत नाही, म्हणून १२ व्होल्टचा रकाना तिथेही वाचलाच. अर्धा टीबीचा एनव्हीएमई (वेगवान साठवण) आणि जाळीदार तोंडाचे एक साधे कॅबिनेट धरून बेरीज साठ हजार पाचशेवर गेली. कीबोर्ड आणि माऊस जुनेच ठेवले. (हे भाव त्या महिन्यातले. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे असे भडकले की आज तोच हिशेब त्याच आकड्यांत बसणार नाही.)

कार्ड निवडताना केवळ दुकानदारावरच नव्हे, तर खोक्यावरच्या नावावरही विसंबून चालत नाही. जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये वेगवान जीडीडीआर५ स्मृतीसह आले. २०१८ मध्ये त्याच नावाने साध्या डीडीआर४ चे कार्ड विकायला आले आणि त्याचा स्मृतीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून १७ च्या आसपास उतरला. आरटीएक्स ३०५० हे ८ जीबीचे वेगळे आणि २०२४ मध्ये आलेले ६ जीबीचे वेगळे. फरक दोन जीबींचाच दिसतो, पण आतले गणनेचे घटकही कमी आहेत आणि स्मृतीची वाट १२८ बिटांवरून ९६ वर आली आहे. त्याचा एक गुण असा की ते ७० वॉटवर भागते, त्यामुळे जुन्या कार्यालयीन संगणकात वेगळी वीजवायर न जोडता बसते. पण हे समजून घेणाऱ्याने घ्यावे. वापरलेल्या कार्डांबद्दल एवढेच सांगतो, की इथेरियम या कूटचलनाचे कार्डांवरचे उत्खनन (संगणकाला गणिते करायला लावून चलन मिळवणे) सप्टेंबर २०२२ मध्ये संपल्यावर राबवून घेतलेली कार्डे बाजारात आली, आणि काही कार्डांना बनावट बायोस घालून भलत्या नावाने विकले जाते. जीपीयू-झेड हे फुकट मिळणारे साधन अशी अनेक तोतया कार्डे ओळखते. ते साधन विक्रेत्यासमोरच चालवून बघावे.

खरेदीला आम्ही पुण्याला गेलो. पहिल्या दुकानात यादी वाचून झाल्यावर माणूस हळूच म्हणाला, “साहेब, बिल नको असेल तर अठरा टक्के सोडतो.” साठ हजारांत हे नऊ हजारांच्या वर होतात. माझा मित्र स्वतः व्यापारी. त्याचे डोळे लकाकलेले मी पाहिले. पण वॉरंटी मागायला जाताना हातात काय असेल, असे विचारल्यावर तो मुकाट्याने बाहेर पडला. दुसऱ्या दुकानात एक तरुण मुलगा होता. त्याने यादी हातात घेण्याआधी विचारले, “काका, पोरगा कोणता गेम खेळतो? आणि मॉनिटर कोणता आहे?” तिथे आम्ही खरेदी केली. त्याने बिलावर आठही भागांची पूर्ण नावे आणि अनुक्रमांक लिहून दिले, रिकामी खोकी मोठ्या पिशवीत घालून दिली. म्हणजे हे अशक्य नाही. त्याला वीस मिनिटे लागली.

जोडणी मी मित्राच्या घरी केली आणि माझ्या ज्ञानाची परीक्षाही तिथेच झाली. सगळे लावून बटण दाबले. पंखे फिरले, पण पडदा काळाच. अर्धा तास रॅम काढून घालत बसलो. शेवटी मुलगाच म्हणाला की मॉनिटरची वायर कार्डाला नाही, मदरबोर्डला लावली आहे. ज्या प्रोसेसरला अंगचे ग्राफिक नाही हे मी आठवडाभर सगळ्यांना सांगत होतो, त्याच्याकडून मी चित्राची अपेक्षा करत होतो! पुढे दोन गोष्टी मात्र मला आठवल्या : ३२०० ची रॅम बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सोय) चालू करेपर्यंत २४०० वरच चालत होती, आणि १०० हर्ट्झचा पडदा विंडोजने ६० वर ठेवला होता. या दोन्ही गोष्टी कोणी बदलून दिल्या नाहीत, तर गिऱ्हाईक पैसे पुरे देते आणि माल अर्धा वापरते. कितीतरी घरांत ते तसेच वर्षानुवर्षे चालत असणार.

आता मागणीकडे येतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विकलेल्या मालाचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. जीएसटीच्या बिलावर मालाचे वर्णन लागते. सीलबंद मालाच्या खोक्यावर किंमत, आयातदाराचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापण्याचे बंधन वैधमापनाच्या २०११ च्या नियमांत आहे. पण असेंबल्ड संगणक या सगळ्यांच्या फटीतून निसटतो, कारण विक्रेता भाग खोक्यांतून काढून जोडतो, खोकी स्वतःकडे ठेवतो आणि बिलावर ‘सेट – १ नग’ लिहितो. वर्णन झाले, बिलही झाले, आणि आत २०११ चा प्रोसेसर आहे की २०२२ चा, हे सांगण्याची जबाबदारी कोणाचीच राहिली नाही. राज्याच्या अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभागाने एवढा आदेश काढावा, की अशा बिलावर किमान प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक कार्ड, रॅम, साठवण आणि एसएमपीएस यांची पूर्ण मॉडेल नावे असावीत, एसएमपीएसच्या बाबतीत १२ व्होल्टची क्षमता वेगळी लिहावी, आणि भाग वापरलेला असेल तर ‘वापरलेला’ हा शब्द असावा. जुना माल विकण्याला माझा आक्षेप नाही, तो जुना म्हणून विकावा. आणि आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती : संगणकाच्या जाहिराती घेताना ‘आय ७’ च्या पुढचे आकडे जाहिरातदाराकडून मागून घ्यावेत. त्याने एक ओळ वाढेल.

दुकानदारांची बाजूही ऐकली पाहिजे. एक जण मला म्हणाला की येणारे गिऱ्हाईक ‘किती जीबी?’ याखेरीज काही विचारत नाही, मग मी कशाला सांगू? बैल घेताना त्याचे दात बघणारा माणूस संगणक घेताना कॅबिनेटचे रंगीत दिवे बघतो, हे मलाही नाकारता येत नाही. ज्यांची फसगत आधीच झाली आहे, त्यांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. जिल्हा ग्राहक आयोगातही आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही. माझ्या मित्राला तिथे जाता आले असते, पण ‘कॉम्प्युटर सेट’ मिळाला नाही असे तो कोणत्या तोंडाने म्हणणार? सेट तर मिळालाच होता.

तो सेट आम्ही फेकला नाही. जीटी ७३० काढून ठेवले, कारण त्या प्रोसेसरला अंगचे ग्राफिक आहे, नवा साधा एसएमपीएस बसवला आणि इंटरनेट न जोडता तो दुकानात उधारीच्या हिशेबाला लावला. गल्ल्याशेजारी तो दिवसभर चालू असतो आणि कधी अडखळत नाही. मित्राने त्याच्या पत्र्यावर खडूने ‘२०११’ लिहून ठेवले आहे.

आपला,
एक वाचक, कराड